नऊ अंशांचं अंडं

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता केलेली मोजदाद अशी: तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तरुण कोंबड्या, पाच. खुराडं एक, जुन्या कपाटाचं, आरसा काढून. पाण्याचं भांडं एक, उलटलेलं. परस सहा मीटर वीस सेंटिमीटर लांब आणि चार मीटर दहा सेंटिमीटर रुंद. टोमॅटोची रोपं अकरा, त्याच दिवशी दुपारी बारा वाजता शून्य. अंडी शून्य.

हा शेवटचा आकडा पुढे बराच काळ बदलला नाही.

परसात माती राहावी की सिमेंटचा कोबा व्हावा, असा घरात वाद होता. कोबा दादाला हवा होता. त्याची गाडी बाहेर झाडाखाली उभी असते आणि झाडावर पक्षी असतात. दादा रोज सकाळी गाडी धुतो आणि धुताना माझ्याकडे असा बघतो, जणू ते पक्षी मीच शिकवून पाठवलेत. माती मला हवी होती. पदवी हातात आल्यापासून अकरा महिने मी घरातल्या प्रत्येकाला काही ना काही समजावून सांगितलं होतं. करून मात्र काहीच दाखवलं नव्हतं. कोंबड्या पाळून घरची अंडी घरात काढायची, हे मी करून दाखवणार होते.

बाबांनी निवाडा दिला. "नव्वद दिवस. रोज सरासरी दोन अंडी. जमलं तर माती राहील, कोंबड्याही राहतील. नाही जमलं तर कोबा."

"पाच कोंबड्या आणि दोन अंडी?" दादा म्हणाला. "आमच्या वेळी पेपर एवढे सोपे नसायचे."

मी तीन म्हणणार होते. बाबांनी न मागता एक कमी केलं, याचा मला रागच आला. पण करारावर सही केली. सहीच्या जागी आईचीही सही घेतली, साक्षीदार म्हणून. पुढे जे झालं ते पाहता, तिच्याइतका पक्षपाती साक्षीदार मला शोधूनही सापडला नसता.

आता पद्धत. पद्धतीशिवाय कोंबडी पाळणं म्हणजे नुसता पसारा. मी प्रत्येकीच्या पायात एका रंगाचं वाळं घातलं: लाल, निळं, हिरवं, पिवळं. पाचवीच्या पायात वाळं टिकेना, म्हणून तक्त्यात तिचं नाव 'बिनवाळ्याची' असं पडलं. रोज सकाळी बरोबर साडेसहाला प्रत्येकीचं वजन. त्यासाठी दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगला, काट्याला बादली आणि बादलीत कोंबडी. कोंबडी बादलीत गेली की आधी ओरडते, मग फडफडते आणि मग एकदम गप्प होऊन मान वाकडी करून माणसाकडे बघते. ते बघणं मला आवडायचं नाही, पण आकडा त्याच क्षणी स्थिर होतो.

"रोज पहाटे मला कुणी बादलीत घालून टांगलं," आई भांडी विसळताना म्हणाली, "तर मीसुद्धा या घराला काही देणार नाही."

आईचा हा शेरा मी तक्त्यात नोंदवला नाही. शेऱ्यांसाठी सदर नव्हतं.

बारा दिवस झाले. अंडी शून्य. तेराव्या दिवशी भिंतीपलीकडच्या ओव्हरसिअर काकांचं डोकं भिंतीवर आलं. काका निवृत्त आहेत. नोकरीची तीस वर्षं त्यांनी रस्त्यांखालून पाणी काढून देण्यात घालवली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीचं मूळ त्यांना उतारात दिसतं.

"खुराड्याला उतार नाही," काका म्हणाले.

"कोंबड्यांना उतार कशाला लागतो, काका?"

"अंडं बाहेर यायला. आणि ओलही धरत नाही. साठाला एक ठेव, म्हणजे साठ इंचांत एक इंच खाली."

शंका घेण्याजोगं बरंच होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. मी खुराड्याच्या मागच्या पायांखाली विटा घातल्या. विटांच्या मापामुळे उतार साठाला एक न होता नवाला एक झाला. सकाळी दार उघडलं तेव्हा पाचही जणी दाराशी एकमेकींवर रचलेल्या होत्या आणि सगळ्यांत खालची बिनवाळ्याची होती. काकांनी भिंतीवरून पाहिलं आणि "जरा जास्त झाला" एवढंच म्हणाले.

मग वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी. त्या दिवसभर मशीनवर असतात आणि मशीन खिडकीशी असल्यामुळे आमचं परस त्यांना दोऱ्याइतकंच जवळून दिसतं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांना किडे घाल. नुसत्या भरड्यावर कोण अंडं घालतंय?"

हे शास्त्राला धरून होतं. प्रथिनं. मी दोन दिवस ओल्या भिंतीवरच्या गोगलगायी गोळा केल्या, एकूण चौतीस. कोंबड्यांनी त्या पाहिल्या आणि पाचही जणी खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. उतारामुळे तिथे उभं राहणंही कष्टाचं होतं, तरी राहिल्या. अळ्या मात्र त्यांना आवडतात, असं वाचलं होतं. म्हणून झाकणाच्या बादलीत भाज्यांची सालं आणि कोंडा घालून मी अळ्या पाळल्या. बादलीतली परिस्थिती सात दिवस उत्तम होती. आठव्या दिवशी झाकण थोडं उघडं राहिलं. अळीचं पुढे काय होतं, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. प्रश्न फक्त वेळेचा होता.

मावशींच्या मशीनवर तेव्हा एका गिऱ्हाइकाचा पांढरा पोशाख होता. माश्या तीनशेच्या वर असाव्यात; मोजता आल्या नाहीत, कारण बसत नव्हत्या.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना, किडे घाल."

"घाल म्हणाले होते," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "पाळ म्हणाले नव्हते."

त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की अर्ज लिहून द्यायला त्यांनी बाबांना सांगितलं, कारण बाबांचं अक्षर चांगलं आहे, आणि बाबांनी तो लिहून दिला. "शेजारधर्म आहे," बाबा म्हणाले. तो अर्ज मी पाहिलाय. त्यात 'असह्य' हा शब्द दोनदा आहे.

नोटीस आली: घरी पक्षी पाळण्याची परवानगी दाखवावी. सकाळचं वजन आटोपून मी खिडकी क्रमांक चारवर गेले. खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म दिला, मी तो भरला, त्याने वाचला आणि 'उत्पादन' या रकान्यावर बोट ठेवलं.

"शून्य लिहिलंय."

"हो. अजून सुरू नाही झालं."

"मग या कोंबड्या नाहीत, ताई."

"कोंबड्याच आहेत. मी रोज वजन करते."

"असतील. पण अंडी देत असतील तर आमच्याकडे कोंबड्या. देत नसतील तर हौसेचे प्राणी. खिडकी नऊ."

खिडकी नऊवरच्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, पाच प्राण्यांची पाच पुस्तकं करू, प्रत्येकीचा एकेक फोटो आणा, समोरून काढलेला, दोन्ही डोळे दिसले पाहिजेत. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरून काढलेल्या फोटोत चोच येते आणि चोचीच्या मागे एक प्रकारची नाराजी येते. मी एकवीस फोटो काढले. बाईंनी ते पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाल्या, "यात प्राणी कुठलाय?" एका फोटोत एक डोळा होता, तो माझा होता.

परत खिडकी चार. कारकून म्हणाला, "अंडी नेमाने येऊ लागली की या. तपासनीस येऊन बघतील, मग शिक्का." पुढच्या पाच आठवड्यांत मी त्या कचेरीत आणखी सात वेळा गेले. कचेरी लांब आहे आणि रांग लवकर लागते, म्हणून त्या दिवशी वजन न करताच निघावं लागायचं. तक्त्यात ते सात चौकोन रिकामे राहिले. ते मला फार खुपायचे.

पहिल्या खेपेनंतर घरी आले तेव्हा माझा चेहरा कसा होता, हे मला माहीत नाही. आईला माहीत होतं. तिने चहा पुढे ठेवला आणि काही विचारलं नाही. आई काही विचारत नाही, तेव्हा खरं तर माणसाने सावध व्हायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात अंडं होतं. पांढरंशुभ्र, पंचावन्न ग्रॅम. मी ते हातात घेऊन घरभर फिरले. तिसऱ्या दिवशी दोन, पुढच्या आठवड्यात रोज तीन-चार. सगळी पांढरी, सगळी चौपन्न ते छप्पन्न ग्रॅम. इतका सुबक आलेख मला प्रयोगशाळेत कधी जमला नव्हता. या जातीची अंडी तपकिरी असतात असं पुस्तकात होतं. त्यावर मी तीन पानांचं टिपण लिहिलं. त्यात सिद्ध केलं की कोंबड्यांना मी जी अंड्यांची टरफलं कुटून घालते (ती शेजारपाजारच्या घरांतून गोळा केलेली होती आणि पांढरी होती), त्यांच्यामुळे नव्या टरफलाचा रंग बदलत असावा. टिपण आईला वाचून दाखवलं.

"छान लिहिलंयस," आई म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच भांडं पुसत राहिली.

मध्येच कधीतरी एखादं तपकिरी अंडं निघायचं. लहानसं, वेडंवाकडं, चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं. अशी सात निघाली. आलेख बिघडू नये म्हणून ती मी 'सदोष' या सदरात टाकली.

आता फक्त एक गोष्ट कळत नव्हती: कोंबड्या अंडी घालतात कधी? मी सकाळी वजन करते तेव्हा खुराडं रिकामं असतं आणि न्याहारी करून येते तर अंडी हजर. म्हणून मी तापमापक आणला. कोंबडीचं अंग एक्केचाळीस अंश गरम असतं, अंडं तेवढंच गरम बाहेर येतं आणि मग ठरावीक गतीने निवत जातं. म्हणजे अंड्याचं आताचं तापमान घ्यायचं, हवेचं घ्यायचं, सूत्रात घालायचं, की अंडं किती मिनिटांपूर्वी घातलं ते निघतं. शाळकरी गणित आहे.

पहिल्या अंड्याचं तापमान नऊ अंश निघालं. हवा सत्तावीस अंश होती. कॅल्क्युलेटर म्हणाला, 'एरर'.

मी कॅल्क्युलेटरची बॅटरी बदलली. मग तापमापकाची. मग काकांना विचारलं. ते म्हणाले, खुराड्यात थंड वाऱ्याचा झोत येत असणार, उतारामुळे. मी झोत शोधला. कोंबड्यांना गारठा बाधू नये म्हणून खुराड्याला पोतं बांधलं. सत्तावीस अंशांत. त्या चोची उघड्या टाकून धापा टाकत बसल्या आणि मी लिहिलं: 'पक्षी समाधानी दिसतात.'

चौऱ्याहत्तराव्या दिवशी सकाळी दहा वाजता तपासनीस आले. हाडकुळे, शांत गृहस्थ, काखेत फाइल. सगळं घर त्या दिवशी विनाकारण परसात येऊन जात होतं. बाबा पेपर घेऊन आले आणि पेपर न वाचता गेले. दादा, जो कधी परसात पाऊल टाकत नाही, तो विजारीच्या खिशांत हात घालून आला आणि "बरं चाललंय ना?" असं कोंबड्यांना विचारून गेला. काका भिंतीवरून नुसते नव्हे, भिंत ओलांडून आले.

मी तपासनिसांसमोर खुराड्याचं दार उघडलं. आत नऊ अंडी होती.

"कोंबड्या किती?" त्यांनी विचारलं.

"पाच."

त्यांनी अंडी पुन्हा मोजली. "एक कोंबडी दिवसाला एकच अंडं घालते, असं आमच्या पुस्तकात आहे."

"पुस्तक जुनं असेल," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात. त्यांच्यादेखत मी नऊही अंड्यांची तापमानं घेतली आणि मोठ्याने वाचली. नऊ, नऊ, नऊ. सत्तावीस, सत्तावीस. चौतीस, चौतीस. एक्कावन्न, एक्कावन्न.

"एक्कावन्न," तपासनीस म्हणाले.

"अंश," मी म्हणाले.

त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि शेरा मारला: 'उत्पादन घरगुती गरजेपेक्षा अधिक. व्यवसाय समजावा. व्यवसाय परवान्यासाठी खिडकी क्रमांक पंधरा.' जाताना ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती ओळखीची वाटली. बादलीतल्या कोंबडीची होती.

दुपारी जेवताना आईने आमलेटसाठी त्यातलं एक अंडं भांड्याच्या काठावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं. तडा गेला आणि आतून काहीच सांडलं नाही. ते उकडलेलं होतं.

मी उठून तक्ता आणला, तापमानांवर बोट ठेवलं आणि एकेकाकडे बघत गेले.

"नऊ अंश. तीन."

"फ्रीजमधली," आई म्हणाली. "तुझ्याकडे बघवत नव्हतं गं. आणि पहिल्यापासून मीच. आज जरा जास्त ठेवली, साहेब येणार म्हणून."

"सत्तावीस. दोन."

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. "तक्रारीचा अर्ज मी लिहिला होता. बरं वाटत नव्हतं. काल आणून माझ्या कपाटात ठेवली होती."

"चौतीस. दोन."

"खिशात होती," दादा म्हणाला. "अर्धा तास. बसताही येत नव्हतं."

"तुला तर कोबा हवाय."

"हवाच आहे. पण तो माणूस सगळ्यांसमोर तुला काहीतरी बोलला असता." तो ताटात बघून जेवू लागला. "कोबा काय, नंतरही झाला असता."

एक्कावन्नचा खुलासा परसाच्या उघड्या दारातून, भिंतीवरून आला. काका म्हणाले, "घरात तेवढी दोनच होती, आणि ती काकूने आधीच गॅसवर ठेवली होती. वेळ कमी होता."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आई दादाला म्हणत होती, "मी तुला सांगत होते, आधी गार करून ठेव." म्हणजे त्यांची पद्धतही होती. मीच काय ती बिनपद्धतीची होते.

तक्त्यात तोवर एकशे चौऱ्याऐंशी अंडी नोंदलेली होती. नव्वद दिवसांना रोजची दोन, म्हणजे एकशे ऐंशी. करार कागदावर मी कधीच जिंकले होते. पांढरी एकशे सत्त्याहत्तर वजा केली. उरली सात. सगळी 'सदोष'.

पुढचे सोळा दिवस घरच्यांनी शपथेवर खुराड्यात हात घातला नाही. मी वजनं दिवसातून दोनदा करू लागले, म्हणजे निदान नोंदी तरी चोख असाव्यात. अंडी शून्य. त्याच दिवसांत एकदा, सकाळचं वजन आटोपून, व्यवसाय नको म्हणून मी खिडकी पंधराला अर्ज दिला, की माझ्या पाच कोंबड्या मिळून दिवसाला शून्य पूर्णांक शून्य आठ अंडी घालतात. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला, सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाला, "मग हौसेचे प्राणी. खिडकी नऊ."

नव्वदाव्या दिवशी दुपारी शेवटचा तक्ता करायला बसले. त्या सात तपकिरी अंड्यांच्या तारखा एका खाली एक लिहिल्या. शेजारी रिकाम्या राहिलेल्या सात चौकोनांच्या तारखा लिहिल्या. त्या त्याच होत्या. ज्या ज्या दिवशी मी वजन न करता कचेरीत गेले होते, त्या त्या दिवशी, आणि फक्त त्याच दिवशी, कुणीतरी अंडं घातलं होतं. एवढा स्वच्छ निष्कर्ष माझ्या हातून याआधी निघाला नव्हता. कोंबड्यांना उतार नको होता, गोगलगायी नको होत्या, पोतं नको होतं. मी नको होते.

तासभर मी हे कुणाला सांगितलं नाही. मग तक्ता बाबांसमोर ठेवला.

बाबांनी चष्मा लावला. "इथे एकशे चौऱ्याऐंशी दिसतायत."

"सात आहेत, बाबा."

"लिहिलेलं एकशे चौऱ्याऐंशी आहे. करारात 'घरच्या कोंबड्यांची' असं कुठे म्हटलंय?"

"मी तयार आहे," दादा म्हणाला. "जे लिहिलंय ते धरू."

"सात," मी म्हणाले.

"मग महिनाभर वाढवून घे," आई म्हणाली. "आता कळलंय ना तुला काय चुकत होतं."

"मुदत म्हणजे मुदत." आवाज जरा कापला, म्हणून पुन्हा म्हणाले. मग स्वतःच गवंड्याला फोन केला.

एक्क्याण्णवाव्या दिवशी गवंडी सकाळी सातला आला. मी साडेसहाला उठले नव्हते. ताणकाटा, बादली आणि वाळी खोक्यात भरून माळ्यावर टाकली होती. कोंबड्या दूधवाल्याच्या गोठ्यावर जायच्या होत्या, तो संध्याकाळी येणार होता. तोवर त्या परसात मोकळ्या फिरत होत्या, वाळूच्या ढिगात पाय मारत, जणू ही सगळी वाळू त्यांच्यासाठीच मागवलीय. गवंड्याने फाटकाच्या बाजूने कोबा घालायला सुरुवात केली आणि मागे सरकत सरकत दुपारपर्यंत बराच आत आला. मी पायरीवर बसून सिमेंट मातीवर पसरताना बघत होते. मोजण्यासारखं काही नव्हतं.

मग थापीचा आवाज थांबला.

"ताई," गवंडी म्हणाला, "ही उठत नाहीये."

वाळूचं घमेलं होतं. त्यात बिनवाळ्याची बसली होती. पिसं फुगवून, मान आत घेऊन, डोळे अर्धे मिटून.

"हाकलू का?"

"नको," मी म्हणाले.

"मग मी माल कशात नेऊ?"

"थांबा थोडं."

आई दारात आली. काकांचं डोकं भिंतीवर आलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता तिथे राहिलं. वरचं मशीन थांबलं. दादा गाडीची किल्ली हातात घेऊन आला, घमेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन मोजपट्टी घेऊन आला, बाहेर गाडीपाशी जाऊन वाकला आणि परत आला.

"तीन मीटर चौऱ्याऐंशी," तो गवंड्याला म्हणाला. "तुमचा किती झालाय?"

गवंड्याने मोजला. "चार दहा."

"मग पुरे. इथेच कड करून घ्या."

मी तापमापक आणायला आत गेले.

कोबा: चार मीटर दहा सेंटिमीटर. माती: दोन मीटर दहा सेंटिमीटर. काम थांबल्याचा वेळ: त्रेचाळीस मिनिटं. हवा: अठ्ठावीस अंश. अंडी: एक. रंग तपकिरी. वजन एक्केचाळीस ग्रॅम. तापमान एकोणचाळीस पूर्णांक चार अंश.